सोनकीची ओंजळ

आज राजाबिजा काही नाही हं. एक होतं घाटाखालचं गाव, आणि तिथे राहायचा गोमाजी. त्याची बायको भागू, आणि एकच लेक, सोनकी. ऐकताय ना?

तर त्या घरात तांदळाला माप म्हणून नव्हतंच. चूल पेटली की सोनकी कणगीपाशी जाई आणि माणशी एक ओंजळ तांदूळ पातेल्यात टाकी. पाणी तेवढं भागूने घालायचं. भात असा मोकळा व्हायचा, की नुसत्या मिठाशीसुद्धा गोड लागावा.

एका आश्विनात सोनकी तापाने गेली. गेली म्हणजे गेलीच, बरं का. गोष्टीतल्या मुली परत येतात, तशी ती नाही आली.

मग तांदूळ भागू घेऊ लागली. पण तिचा हात मोठा. कधी भाताची कणी राही, कधी ती घाबरून पाणी जास्त घाली आणि भात गिच्च होई. एक घास घेई आणि ताट सारी. "हा तिच्या हातचा नाही," म्हणे. भाताचं आपलं निमित्त हो! वर्षं सरली, भागू वाळत चालली. आता हीसुद्धा जाणार, या धास्तीने गोमाजीची झोप उडाली. त्याच्या मनाने घेतलं, सोनकीच्या ओंजळीचं खरं माप कळलं तर ही जेवेल.

मग तो शेजारच्या काशाकाकीकडे गेला. तिने मापाचं चिपटं पुढे केलं. "शीग लावून देऊ, की वरून हात फिरवून?" गोमाजीला काय ठाऊक? शीग लावली, तर भात पातेल्याबाहेर आला. हात फिरवला, तर पेज झाली.

मग तो वाण्याकडे गेला. वाणी म्हणाला, "गोमाजी, ओंजळ सांगू नकोस, वजन सांग. आणि तांदूळ नवा की जुना? तेवढ्याच मापात नवा जड भरतो, जुना हलका."

"शेठ, वजन कुणी केलं होतं? पोर होती, तिचे हात होते."

वाण्याने तराजू खाली ठेवला. त्यालाही लेकी होत्या. मग त्यानेच सांगितलं, घाटमाथ्यावर एक म्हातारी राहते, तिचा तराजू जांभळीच्या फांदीला टांगलेला असतो. जे हाताशी उरलं नाही, त्याचं वजन ती करून देते.

मग काय, गोमाजी तांदळाचं गाठोडं पाठीला बांधून घाट चढला. रिकाम्या पारड्याशी वाकून म्हणाला, "माझ्या सोनकीची ओंजळ." आणि काय सांगू, ते रिकामं पारडं झपकन खाली गेलं! गोमाजी दुसऱ्या पारड्यात तांदूळ टाकू लागला. टाकतोय, टाकतोय, काटा मध्यावर येईचना. आला, तेव्हा तांदळाकडे बघून तो भडकलाच.

"खोटा आहे तुझा तराजू, आजी! एवढीशी होती माझी पोर. एवढे तिच्या ओंजळीत मावलेच नसते."

"किती वर्षांची होती?"

"सात."

"आणि जाऊन?"

"पाच वर्षं झाली."

"मग हात वाढले नसते का रे, बाबा?"

गोमाजी तिथेच खाली बसला आणि पोटभर रडला. म्हातारीने त्याला रडू दिलं.

मग तेवढे तांदूळ वेगळे बांधून तो घरी आला. भागूसमोर गाठ सोडली. म्हणाला, "ही आपल्या सोनकीची ओंजळ. बारा वर्षांची झाली." भागूने तांदळात हात घातला, तो कितीतरी वेळ काढलाच नाही. मग हळूच विचारलं, "म्हणजे पाणीही वाढवायला हवं, नाही का हो?"

भात झाला. दोघंही जेवली. सुखात राहिली म्हणू? नको, खोटं कशाला बोलू? पण भागू जगली. दर आश्विनात मापात चिमूटभर तांदूळ वाढवत गेली, आणि सोनकीच्या वाटणीचा भात वाडीतली पोरं खाऊन जाऊ लागली.

झाली गोष्ट. ए, डोळे पुस, आणि तो हात पांघरुणात घे. निजा आता.