चार मात्रांची जागा

एकदा एक पन्नाशी गाठलेला शिष्य आपल्या वृद्ध गुरूच्या दारात येऊन उभा राहिला. शिकणे सुटून वीस वर्षे झाली होती, तरी माउथ ऑर्गन खिशात होता. "बापू, माइक शिट्टी मारतो," एवढेच तो म्हणाला, आणि मग उगाच बराच वेळ चपला काढत राहिला.

गोष्ट अशी होती. शिष्याची पत्नी वैजयंती गावातल्या वाचनालयात ग्रंथपाल होती. तिला जाऊन येत्या रविवारी वर्ष पूर्ण होणार होते. त्या दिवशी वाचनालयातच जमायचे आणि तिच्या यजमानांनी तिची आवडती धून वाजवायची, असे वाचकांनी ठरवले होते. धून त्याने स्वतः बसवलेली, शब्द नसलेली. तिच्या मधोमध चार मात्रांची जागा मोकळी होती. तिथे तो थांबायचा, आणि वैजयंती हातातले काम न सोडता गुणगुणून ती जागा भरायची. पंचवीस वर्षे ती धून अशी दोघांत वाटलेली होती.

वाचनालयाची खोली लहान. तिन्ही भिंतींना लोखंडी कपाटे, वर स्लॅब, खाली गुळगुळीत फरशी. आत वीसेक माणसे बसणार, उरलेली बाहेरच्या व्हरांड्यात आणि जिन्यावर, आणि त्यांतली निम्मी कानाने मंद. त्यामुळे माइक हवाच होता. मुठीत मावेल असा गोल माइक माउथ ऑर्गनला लावून तो दोन्ही तळव्यांत धरी आणि वाजवी. सुरुवात नीट होई. मोकळी जागा आली की तळवे उघडत, आणि स्पीकर कर्कश किंचाळे. वाचनालयाचे चिटणीस मोठे गमत्या स्वभावाचे. सरावाच्या वेळी तिसऱ्यांदा असे झाल्यावर ते म्हणाले होते, "साहेब, तीन शिट्ट्या झाल्या, आता गॅस बंद करा." सगळे हसले. शिष्यही हसला, आणि त्या दिवशी घरी जाऊन जेवला नाही. रविवारी भर सभेत, नेमके तिच्याच जागेवर लोक हसले तर काय, ही धास्ती त्याला तेव्हापासून लागली होती.

बापूंचे वय ऐंशीच्या पुढचे. एकेकाळी त्यांनी कितीतरी वाद्यवृंदांत वाजवले होते. आता छातीत तेवढी हवा उरली नव्हती. दुसऱ्या दिवशी सकाळी ते काठी टेकत वाचनालयात आले, कोपऱ्यातल्या खुर्चीवर बसले आणि त्यांनी त्याला वाजवायला सांगितले. शिट्टी झाली. बापूंनी मान हलवली, पण माइककडे पाहिलेसुद्धा नाही. ते उठले आणि शिष्यासमोर त्याच्याकडे तोंड करून ठेवलेला स्पीकर त्यांनी त्यालाच उचलायला लावला. तो दारापाशी स्टुलावर ठेवून घेतला आणि त्याचे तोंड बाहेर व्हरांड्याकडे फिरवले. शिष्याला आता नुसती पाठ दिसत होती. मग बालविभागातल्या सतरंज्या मागवून त्यांनी कपाटांवरून सोडल्या, आणि आवाजाचे बटण अर्ध्याहून खाली आणले.

"आता वाजव. आणि थांबशील तेव्हा तळवे उघडायचे नाहीत. ओंजळ मिटलेलीच ठेवायची."

शिष्याने वाजवून पाहिले. शिट्टी झाली नाही. पण त्याचा चेहरा उतरला. आपले आपल्यालाच नीट ऐकू येत नाही, अशी तक्रार त्याने केली. बापू म्हणाले, ऐकणारे बाहेर आहेत, त्यांना विचारू. व्हरांड्यात पेपर वाचत बसलेल्या एका आजोबांना विचारले, तर त्यांना स्वर न् स्वर ऐकू आला होता.

बापू पाणी प्यायला बाहेर गेले. परत येतात तो धून पुन्हा चाललेली, आणि मोकळ्या जागेवर स्पीकरमधून बारीक आवाज सुरू होऊन चढत चाललेला. त्यांनी पुढे होऊन बटण बंद केले. ते त्यांनी ठेवले होते त्याच्या कितीतरी पुढे गेले होते. शिष्याचे तळवे उघडे होते.

"हे कोणी वाढवलं?"

शिष्य कपाटाकडे वळला. सतरंजीचे टोक उगाच सारखे करत राहिला. बापूही घाईत नव्हते. शेवटी तो खालच्या आवाजात म्हणाला, "शिट्टी होण्याच्या आधी, बापू, अर्धा क्षण तो आवाज अगदी बारीक असतो. कोणी गुणगुणल्यासारखा. तिच्याच पट्टीतला वाटतो."

बापू खुर्चीवर बसले. त्यांनी काठी आडवी मांडीवर घेतली.

"हे कालच सांगितलं असतंस तर मी सतरंज्या मागवल्या नसत्या," ते म्हणाले. "आता ऐक. माइकला आपलं-परकं कळत नाही. जे त्याच्या कानावर पडेल ते तो पुढे धाडतो. तू वाजवतोस तेव्हा त्याचा कान तुझ्या ओंजळीत असतो, म्हणून तो तुझंच ऐकतो. तू हात उघडतोस, वर आवाज वाढवतोस, तेव्हा तो स्पीकरचं ऐकतो, आणि स्पीकर त्याचं. तुझाच एक उरलेला स्वर या खोलीत फिरत राहतो आणि फेरीगणिक वाढतो. तुला वाटतं, तिकडून कोणी साद देतंय. बाबा रे, तो तूच आहेस. आणि अर्ध्या क्षणाच्या गुणगुणण्यापायी तू रोज ती किंकाळी सोसतोयस."

"मग तिची जागा बुजवून टाकू?"

"बुजवायला कोण सांगतंय? ओंजळ मिटून चार मात्रा मोजायच्या. पुऱ्या चार. साडेतीनलाही घाई करायची नाही."

"आणि तिथे काहीच ऐकू आलं नाही तर?"

"नाहीच येणार," बापू म्हणाले. मग जरा मऊ आवाजात, "पण ती शांतता तरी तिची असेल. शिट्टी कोणाचीच नव्हती."

रविवारी दुपारी खोली भरली, व्हरांडा भरला, जिन्याच्या पायऱ्याही भरल्या. स्पीकरची पाठ शिष्याकडे होती. बटण त्याच्या हाताला लागेल इतके जवळ होते. धून अर्ध्यावर आली, आणि मोकळी जागा आली. उजव्या हाताची बोटे सैल झाली, हे त्याला जाणवले. इतकी वर्षे जे हात तिच्यासाठी उघडत आले होते, ते त्याने निश्चयाने मिटले.

एक. पंख्याची घरघर. दोन. जिन्यावर कोणी पाय आखडून घेतला. तीन. कोणी खोकला आवरला. त्या तिसऱ्या मात्रेत त्याला पहिल्यांदा कळले, की वैजयंती आता गुणगुणणार नाही. हे त्याला वर्षभर माहीत होते. कळले मात्र तेव्हा. चौथी मात्रा त्याने पुरती भरू दिली, मग श्वास घेतला आणि पुढची ओळ उचलली. ती ओळ त्याला स्वतःला फारशी ऐकू आली नाही. ती दाराबाहेर गेली.

सभा संपल्यावर वैजयंतीची थोरली बहीण गर्दीतून वाट काढत आत आली. तिला जिन्यात, अगदी खालच्या पायरीवर जागा मिळाली होती. ती म्हणाली, "भावोजी, मधे तुम्ही थांबलात ना, तिथे मी मनातल्या मनात तिची ओळ म्हटली. शेजारच्या बाईंचेही ओठ हलत होते."

शिष्याने दाराकडे पाहिले. बापू चपला घालत होते. त्यांनी वर पाहिले नाही, आणि शिष्यानेही त्यांना हाक मारली नाही.

गेलेल्या माणसाची जागा आपल्याच आवाजाने भरू नये. ती मोकळी राहिली, तर तिथे आणखी कितीजण येऊन बसतात.