जाणारीला कोणी विचारायचे

एकदा एका मिरची-मसाल्याच्या कारखान्यात दुपारी बरोबर सव्वादोन वाजता सुगंधा नावाची बाई मिरच्यांचे देठ खुडता खुडता उठली आणि म्हणाली, "मी उद्यापासून येत नाही."

तिथला व्यवस्थापक एका वृद्ध गुरुजींचा शिष्य. बायका टिकत नाहीत म्हणून त्याने नवा नियम केला होता. जाणारीने त्याच्यासमोर बसून कारण सांगायचे, मगच जायचे. गुरुजी त्या दिवशी भेटायला आले होते, तेही तिथेच बसले.

"का सोडतेस?"

"घरची अडचण आहे, साहेब."

"सगळ्यांच्याच घरी अडचण? मी काय खुळा वाटलो? खरं बोल!"

शेजारी झोळीतले तिचे तान्हे रडून रडून लाल झाले, तरी सुगंधा त्याला हात लावीना.

"अगं, पोराला तरी घे! कसली आई तू!"

तिच्या डोळ्यांत पाणी आले, पण हात पदरातून निघाले नाहीत. तेव्हा गुरुजींनीच मूल उचलले. "चल बाई, फाट्यापर्यंत पोचवतो," ते तिला म्हणाले, आणि शिष्याला, "तू इथेच बस."

आपल्याच कारखान्यात आपल्यालाच बसवले! शिष्य धुसफुसत राहिला. गुरुजी परतताच त्याने विचारले, "काय म्हणाली?"

"ते राहू दे. मोरीपाशी तेल आणि साबण ठेव. पाजायच्या आधी बायकांना हात धुवायला उठू दे."

"म्हणजे बायकांवरचा मुकादम उठू देत नाही? कोण कोण कुरकुरतंय? नावं सांगा!"

गुरुजींनी कपाळावर हात मारला. "झालं! अरे, बोटांवरच्या मिरचीची आग लेकराच्या डोळ्यांत जाईल म्हणून ती त्याला शिवत नव्हती, आणि तू तिचं आईपण काढलंस. जाणारी सुटते, पण तिची बहीण, जाऊ, शेजारीण त्याच मुकादमाखाली राहते. खरं बोलायचं हिनं आणि भोगायचं तिनं? तुला कारण नको, अपराधी हवा. म्हणून सगळ्या घरच्या अडचणीआड लपतात. नियम करायचाच तर असा कर: विचारणारा जाणारीच्या वरचा नसावा, आणि ऐकलेलं राहणारीच्या अंगावर येऊ नये."

शिष्य उठला आणि तेल आणायला स्वतः गेला.

सुगंधा काही परत आली नाही. तिच्या जागी आलेली बाई मात्र हात धुऊन आपले मूल पाजते, आणि तिला कोणी हटकत नाही.

तुमच्या ओळखीत कुणाच्या हाताखाली माणसे राबत असतील, तर एवढे त्याच्या कानावर घाला.