अकरा जणी चावडीवर

रस्ते बैलांच्या खुरांनी ठरत, त्या काळातली ही गोष्ट. एका नगरात डोंगराच्या पोटाशी एक पेठ होती. पेठेला विहीर एकच, आणि तिच्या पायऱ्या मोडलेल्या.

त्या पेठेत तानू नावाची कासारीण राही. बांगड्या भरायला ती घरोघर फिरे. कासारणीपुढे बायकांचा हात सैल होतो, तशी जीभही. मनगट हातात धरलं की तिला कळे, ही विहिरीवर पडली. पडलं की बांगड्या फुटत, आणि खरं सांगायचं तर त्या पायऱ्यांवर तिचा धंदा बरा चालला होता. पण यंदा तिची लेक हौसा पहिल्या बाळंतपणाला माहेरी यायची होती. तानू दिवसभर फिरतीवर. घरचं पाणी लेकच आणणार. तानूचं चित्त थाऱ्यावर राहिना.

पायऱ्यांचं काम पंचाकडे. पंच आबा, वीस वर्षं तेच. त्यांच्या परसात स्वतःचा आड होता.

राजाचा नियम सोपा होता. दर पाच वर्षांनी, ठरल्या दिवशी, दुपारचा नगारा वाजायच्या आत, ज्याला पंच व्हायचं त्यानं चावडीवर यावं, आपलं नाव आपल्या तोंडानं सांगावं, पेठेतले दहा जण पाठीशी उभे करावेत. दुसरं नाव आलं तर मतदान; नाही तर आहे तोच पंच. दुसरं नाव कधी आलंच नव्हतं. लोकांना वाटे, उभं राहायला मोठं घर लागतं, दाराशी घोडं लागतं. नियमात घोडं कुठेच नव्हतं. पण नियम विचारायला गेलं होतं कोण?

तानूने विचारला. मग ती दारोदार म्हणू लागली, "कुणीतरी उभं राहायला हवं गं."

"हवंच की, तानूमावशी! मी येते पाठीशी," जी ती म्हणे.

ठरल्या दिवशी तानूसकट अकरा जणी चावडीवर आल्या.

कारकुनाने बोरू उचलला. "उमेदवार कोण?"

अकराही जणी एक पाऊल मागे सरल्या.

कुंभारणीने तेलिणीला कोपर मारलं. "जा ना पुढे!"

"मी? अगं, मी तुझ्यासाठी आले! भाकरी तव्यावर टाकून आलेय."

आबा खो खो हसले. "वऱ्हाड आलंय आणि नवरदेवाचा पत्ता नाही!"

नगारेवाल्याने टिपरी उचलली. आबांच्या चार सुना तिच्याकडूनच बांगड्या भरत. उद्या ते दार बंद झालं तर? आणि गप्प राहिलं तर? महिन्याभरात हौसा येणार. तिने वळून पाहिलं. जी ती दुसरीच्या तोंडाकडे बघत होती. दुकानदाराला एक कळतं, जो माल मांडलाच नाही तो गिऱ्हाईक मागत नाही.

तानू पुढे झाली. "माझं नाव तानू. मला पंच व्हायचंय."

"कासारणीला कारभार काय कळणार?" आबा म्हणाले.

"शिकेन, आबा. विहिरीच्या पायऱ्या किती, तेवढं मला ठाऊक आहे. तुम्ही सांगता?"

आबांनी कारकुनाकडे पाहिलं. कारकुनाने कागदात डोकं घातलं, आणि दुसरं नाव लिहिलं.

मतदानाला वीस दिवस होते. वीस वर्षांत पहिल्यांदा आबांना मतं मागत फिरावं लागलं. ज्या दारात जावं तिथे एकच सवाल, "पायऱ्यांचं काय?" शेवटी ते स्वतः विहिरीत उतरले, आणि दुसऱ्याच पायरीवर घसरून बसले ते दोघांनी उचलेपर्यंत उठले नाहीत. दुसऱ्या दिवशी गवंडी आले.

हौसा माहेरी आली, आणि नव्या पायऱ्यांवरून घागर भरून सुखरूप वर आली.

तानू मात्र नऊ मतांनी हरली. आबांच्या सुनांनी तिला बोलावणं बंद केलं. तेलीण रडवेली झाली, "वाया गेलं गं सगळं."

"हौसाला सांग तसं," तानू म्हणाली, आणि मत न दिलेल्या घरांकडे निघाली.

पाच वर्षांनी त्या पेठेतून चार नावं आली. तानू निवडून आली, आणि पहिल्याच सभेत, तिच्याविरुद्ध हरलेल्या कुंभारणीने तिला उभं करून विचारलं, "मावशी, गल्लीतल्या दिव्यांचं काय?"

तात्पर्य: कुणीतरी पुढे यावं असं वाटत असेल, तर त्या 'कुणीतरी'त आधी स्वतःला धरावं.