ठकूच्या अडल्या बोलांची कहाणी

बायांनो, अक्षता हाती घ्या, पोरं मांडीवर घ्या, आणि मागं बसून कुजबुजणाऱ्यांनो, तुम्ही जरा गप्प बसा. ऐका धीराईमाते, तुमची कहाणी.

आटपाट नगर होतं, त्याला सात वेशी होत्या. सातव्या वेशीपाशी रायाजी दवंडीवाला राहत होता. राजाचा हुकूम निघावा, रायाजीनं गळ्यात हलगी अडकवावी, चौकात उभं राहून "ऐका हो ऐका" म्हणावं, आणि त्याचा आवाज नदीपार जावा. घरात म्हातारी आई भिवराबाई, बायको तुळसा आणि लेक ठकू. घराणंच दवंडीचं! सासू मोठ्यानं बोले, नवरा तिच्याहून मोठ्यानं बोले, तुळसा चुलीपासून दोघांच्या वरताण बोले. बोलायला सगळे, ऐकायला कोणी नाही.

ठकूला अडीच वर्षं झाली. लाह्या फुटाव्या तशी बोलत होती. मग एके दिवशी काय झालं? सकाळी उठली, आईपाशी आली, म्हणाली, "आ-आ-आई, म-म-मला प-प-पाणी." दुपारी तेच, दुसऱ्या दिवशी तेच, महिना झाला तरी तेच.

मग आजीनं उपाय केला. वेखंड उगाळलं, मधात कालवलं, जिभेला चोळलं. पोपटाचा उष्टा पेरू आणला, नातीला खाऊ घातला. पेरू गोड होता, ठकूनं खाल्ला. शब्द अडायचे ते अडतच राहिले.

मग बापानं उपाय केला. पोरीला ओट्यावर उभी केली, हलगी घेतली. "थापेला एक शब्द! श्वास घे! नीट म्हण! परत म्हण!" पोर प्रत्येक थापेला दचकली. आधी एक शब्द अडत होता, आता तीन अडू लागले.

मग आईनं उपाय केला. बायांनो, हा उपाय आपण सगळ्याजणी करतो, तेव्हा माना खाली घालू नका, नीट ऐका. ठकू "भ-भ" म्हणाली, की तुळसा म्हणे, "भाकर ना? ही घे." ठकू "ब-ब" म्हणाली, की, "बाहुली ना? ती घे." हात पिठात, डोळे तव्याकडे, आणि पोरीच्या तोंडातला शब्द मायेनं ओढून घेऊन मोकळी.

मग ठकूनं आपला उपाय काढला. ती बोलायचीच थांबली. तहान लागली, माठाकडे बोट करी. भूक लागली, टोपलीकडे बोट करी. शेजारणी म्हणाल्या, "किती गुणाची झाली ग! मुळी त्रास नाही."

एके दिवशी तुळसा भाकऱ्या थापत होती. ठकू मागून आली, पदर धरून उभी राहिली. "थांब ग जरा," तुळसा म्हणाली. एक भाकर झाली, दुसरी झाली, तिसरी झाली. मग वळून बघते तर काय! चुलीतला निखारा पोरीच्या पायाखाली आलेला, तळव्याला टरटरून फोड, गालांवरून पाणी वाहतंय, आणि तोंडून हाक नाही. तीन भाकऱ्या होईस्तोवर लेक भाजल्या पायानं मुकी उभी होती. तुळसानं तिला उचललं, पायावर गार पाणी ओतलं, आणि हंबरडा फोडला. "अग, आई म्हणून हाक का नाही मारलीस?" ठकूनं ओठ आणखी घट्ट मिटले. तुळसा म्हणाली, "देवा, अडखळत का होईना, हिला एकदा आई म्हणू दे. दुसरं काही मागत नाही."

इतक्यात दारात एक म्हातारी आली. अंगावर जुनेर, हातात काठी. "बाई ग, घोटभर पाणी दे." तुळसानं पाणी दिलं. म्हातारी उंबऱ्याशी बसली, ठकूच्या डोळ्यांना डोळे भिडवून म्हणाली, "तुझं नाव काय ग बाय?" तुळसा सांगायला गेली, म्हातारीनं बोट वर केलं. चुलीवर दूध चढत होतं, तुळसा उठू लागली, म्हातारीनं पुन्हा बोट वर केलं. दूध उतू गेलं. म्हातारी हसत बसून राहिली, जणू तिला जगात दुसरं कामच नाही. मग कितीतरी दिवसांनी पोरीनं तोंड उघडलं. "ठ-ठ-ठ… ठकू." म्हातारी म्हणाली, "छान नाव आहे हो."

तुळसानं तिचे पाय धरले. "आई, माझंच काही चुकलं का? कुणाची दृष्ट लागली का?"

"नाही ग. पोरीचं चुकलं नाही, तुझंही चुकलं नाही. या वयात मन पुढं धावतं, जीभ मागं राहते. पुष्कळांचं आपसूक सुटतं. पण तू धीराईचा वसा घे."

"तो कसा करावा?"

"पोर बोलू लागली की हातातलं खाली ठेवावं. तिच्या उंचीला बसावं. तोंडाकडे पाहावं. तिचा शब्द तिच्या तोंडून येऊ द्यावा. मध्ये तोडू नये, पुढून जोडू नये. 'हळू बोल' म्हणू नये, आपणच हळू बोलावं. एकानं बोलावं, बाकीच्यांनी ऐकावं. पाहुण्यांपुढं बोलून दाखवायला लावू नये. शब्द फारच अडला नि ती रडवेली झाली, तर सांगावं, 'अडू दे, मी इथंच आहे.' सहा महिने असं करावं. तरी सुटलं नाही, किंवा त्याआधीच पोर मान ताठवू लागली, बोलायला आणखीच भिऊ लागली, तर बोलण्यातल्या जाणत्या माणसाकडे न्यावं. त्यात कमीपणा नाही. आणि उतायचं नाही, मातायचं नाही, घेतला वसा टाकायचा नाही."

एवढं बोलून म्हातारी उठली, चार पावलं गेली आणि दिसेनाशी झाली. ती धीराई होती.

तुळसानं वसा घेतला. नवऱ्याला सांगितलं, तो म्हणाला, "आमच्या घरात हळू बोलायचं? भिंती ओळखायच्या नाहीत!" पण लेकीचा पाय पाहिला, आणि त्यानंही घेतला. सासूनं घेतला. पहिले दिवस फार जड गेले. तिघं एकमेकांकडे बघत बसत, आणि घरात पहिल्यांदाच चिमण्या ऐकू आल्या. मग ठकू एक शब्द बोलली, मग दोन, मग तीन.

मग काय झालं? ठकूची आत्या माहेरी आली. आजी हरखली, म्हणाली, "बोलून दाखव ग आत्याला!" पोर मिटली ती तीन दिवस. आजीनं आपल्याच तोंडात मारून घेतलं. तुळसा म्हणाली, "सासूबाई, रडू नका. वसा मोडला तर पुन्हा घ्यावा." पुन्हा घेतला. धीराई रागावली नाही. रागावली असती तर तिला हे नाव कोणी दिलं असतं?

पुढं एके दिवशी राजाचा तातडीचा हुकूम निघाला. कारभारी घोड्यावर बसून चौकात आले, नगर गोळा झालं. रायाजीनं हलगीवर थाप मारली, "ऐका हो ऐका," म्हणाला, तोच गर्दीतून ठकू धावत आली. मागून तुळसा, ओल्या हातांनी. ठकूनं बापाचं धोतर ओढलं. "ब-ब-बाबा!"

रायाजीनं हलगी खाली ठेवली, आणि भर चौकात मातीत मांडी घालून बसला.

कारभारी ओरडले, "अरे, राजाचा हुकूम खोळंबलाय!"

"खोळंबू द्या, कारभारी. माझी लेक बोलतेय."

ठकू म्हणाली, "आ-आ-आपल्या ग-गाईला व-व-व…" शब्द अडला. कोणी खोकलं नाही, कोणी हसलं नाही. तुळसाला तो शब्द ठाऊक होता. तिच्या जिभेवर होता, ओठापाशी आला होता. तिनं पदराचा बोळा तोंडात कोंबला. "व-व… वासरू झालं! त्याच्या क-कपाळावर चांदणी आहे!" मग ती वळली, गर्दीत आईला पाहून म्हणाली, "आई, तू पण ये ना बघायला!" शब्द कुठं अडला नाही. तुळसा उभ्या जागी रडली.

रायाजी उठला. हलगी उचलली, जोरात थाप दिली. "ऐका हो ऐका! रायाजीच्या गाईला वासरू झालंय, कपाळावर चांदणी आहे हो! आता राजाचा हुकूम ऐका!" नगर खळखळून हसलं. कारभारी मात्र घोड्यावरून उतरले, तुळसापाशी आले, हलक्या आवाजात म्हणाले, "बाई, हा काय वसा आहे, मला सांग. माझ्या नातवाचे बोल अडतात, आणि मी त्याला छडी मारतो." तुळसानं सांगितला. त्यांनी चौकातच घेतला.

ठकूचे बोल दिवाळीपर्यंत मोकळे झाले. कारभाऱ्यांच्या नातवाचे सहा महिन्यांनी झाले नाहीत. त्यांनी त्याला जाणत्याकडे नेलं, त्यानं खेळाखेळात शिकवलं. त्याचा शब्द अजून कधीमधी अडतो, पण तो बोलायचं सोडत नाही, आणि त्याचं बोलणं संपेपर्यंत घरातलं कोणी उठत नाही.

जशी धीराई तुळसाला पावली, तशी तुम्हां-आम्हां पावो. कुणाचं लेकरू दुखलं-खुपलं मुक्यानं सोसत न राहो. ही साठां उत्तरांची कहाणी, अडत अडत का होईना, पाचां उत्तरीं सुफळ संपूर्ण.