डाव कुठे राहतो

एका वृद्ध आचार्यांकडे संगणकविद्या शिकायला येणारी शिष्या एके दिवशी हवालदिल होऊन आली. तिच्या दिवंगत वडिलांचा लिनक्स प्रणालीवर चालणारा जुना संगणक अखेरच्या घटका मोजत होता. त्यावर ते बुद्धिबळ खेळत. त्यांचा शेवटचा डाव अर्धाच राहिला होता, आणि तो तिला काहीही करून नव्या संगणकावर न्यायचा होता. दोन्ही संगणक तिने सोबत आणले होते.

मुलगी हुशार होती. तिने आज्ञा टाइप करायची खिडकी, म्हणजे टर्मिनल, उघडून खेळाचा पत्ता विचारला. उत्तर मिळाले, प्रोग्राम ठेवायच्या 'बिन' नावाच्या फोल्डरात. तिथली फाइल उचलून तिने नव्या संगणकावर ठेवली. ती चालेना. मग तिने तिथे खेळ रीतसर इन्स्टॉल केला. तो उघडला, पण सगळी मोहरी आपापल्या पहिल्या घरात उभी होती.

"इथे मेलं सगळं विखुरलंय," ती कुरकुरली. "प्रोग्राम एकीकडे, चित्रं दुसरीकडे, आवाज तिसरीकडे. बाबांचा डाव नेमका कुठे आहे, आचार्य?"

आचार्य जुन्या संगणकापुढे बसले आणि त्यांनी खेळ काढून टाकण्याची आज्ञा दिली.

"अहो, काय करताय!"

उशीर झाला होता. खेळ गेला. शिष्येला रडू कोसळले, आणि रागही आला. तो येणे रास्तच होते. आचार्यांनी मात्र शांतपणे तोच खेळ पुन्हा इन्स्टॉल केला. पटावर वडिलांचा डाव जसाच्या तसा मांडलेला होता.

"खेळ कुठे आहे, हे तू बरोबर शोधलंस," आचार्य म्हणाले. "पण त्यातलं कोणाचं काय, हे विचारलं नाहीस. प्रोग्राम, चित्रं, आवाज हे सर्वांच्या वापराचं. ते 'यूएसआर' या सामाईक फोल्डरात ठरलेल्या जागी राहतं. गेलं तरी पुन्हा आणता येतं. माणसानं स्वतः केलेलं त्याच्या 'होम' या खासगी फोल्डरात राहतं, आतल्या टिंबानं नाव सुरू होणाऱ्या फोल्डरात. लपलेल्या फाइली दाखव म्हटल्याशिवाय ते दिसत नाही. पण खेळ काढला, तरी त्याला धक्का लागत नाही."

"मग नुसतं सांगायचं होतंत ना! जीव गेला असता माझा."

"सांगितलं असतं, तर तू नुसती मान डोलावली असतीस. आणि तू पाणी प्यायला उठलीस, तेव्हा मी त्या फोल्डरची प्रत काढून ठेवली होती." आचार्य तत्त्वज्ञ होते, वेडे नव्हते.

तिने ते फोल्डर नव्या संगणकावर नेले. डाव उघडला. चाल पांढऱ्याची, म्हणजे वडिलांची होती.

"हा असाच ठेवू का?" तिने विचारले.

"मी जागा सांगू शकतो," आचार्य म्हणाले. "पुढचं तुझं."

तिने खुर्ची पुढे ओढली. मग तिने घोडा पुढे घेतला. चाल अगदीच कच्ची होती. संगणकाने तो घोडा लगेच मारला. ती हसली, डोळे पुसले, आणि पुढची चाल नीट विचार करून खेळली.