ओल्या रंगातलं ‘डॉ.’

ऐका, ही मोठ्या शहाण्यांची गोष्ट आहे. आपल्या भागातल्या चार विद्यापीठांनी मांडव घालून करार केला, की एकाकडचं शिक्षण दुसऱ्याकडं चालेल. हार झाले, पेढे झाले. वर त्या चारांतल्याच सोनवळच्या विद्यापीठानं आमच्या कुलगुरूंना, धुंडिराजसाहेबांना, नुसती शाल पांघरून डॉक्टरही करून टाकलं.

त्याच सोनवळला लोहारांची प्रणोती दोन वर्षं शिकत होती. बाप अंथरुणाला खिळला म्हणून ती गावी परतली आणि इथं तिसऱ्या वर्षाला प्रवेश मागायला गेली.

साहेबांनी तिचा अर्ज एका बोटानं लांब सारला. “सोनवळचं? छे! ते आम्ही धरत नाही. पहिल्या वर्षापासून बस.”

“पण साहेब, करार झालाय ना?”

“करार वेगळा, कारभार वेगळा. नीघ.”

पोरीची दोन वर्षं मातीत चालली होती. वळली, तर दारात बाबूमियां पेंटर साहेबांच्या पाटीवर नावाआधी ‘डॉ.’ रंगवत बसलेले.

“चाचा, थांबा,” प्रणोती म्हणाली. “ते पुसून टाका. सोनवळचं इथं धरत नाहीत म्हणे.”

बाबूमियांनी ब्रश खाली ठेवला, रॉकेलचं फडकं उचललं आणि आत डोकावून अदबीनं विचारलं, “पुसू का, साहेब? ओलं आहे तोवरच निघेल.”

साहेबांनी पाटीकडं पाहिलं, पोरीकडं पाहिलं, आणि मुकाट्यानं अर्ज ओढून सही ठोकली.

“राहू द्या, चाचा,” अर्जाची घडी घालत प्रणोती म्हणाली, “सोनवळचं चालायला लागलं इथं.”