आडवी काठी

“बुवा, हिला कुठंतरी लांब सोडून येऊ का?” सिदाप्पाने विचारलं.

केरूबुवा ओसरीवर तांदूळ निवडत होते. त्यांनी मान वर केली नाही.

“कुणाला?”

“हरणीला.”

हरणी म्हणजे सिदाप्पाची कुत्री. मेंढरं राखण्यात जन्म गेलेली, अंगानं काटकुळी आणि पायाला नुसती भिंगरी. सिदाप्पा घरदार सोडून माळावरच्या या मठात आला, तेव्हा तीही मागोमाग आली. तिला कुणी बोलावलं नव्हतं.

मठात मेंढरं कुठली? मग हरणी माणसंच वळायला लागली.

भजनाला बसलेल्यांभोवती ती गोल गोल फिरायची. मधेच कुणी उठलं, की टाचेला हलकेच दात लावून त्याला जागेवर आणायची. परवा पाटलांची म्हातारी लघवीला उठली, तर तिलाही आणून बसवलं. लोक आधी हसले. मग एकेक जण यायचा बंद झाला.

सिदाप्पाला मेल्याहून मेल्यासारखं झालं होतं. येत्या पुनवेला बुवा त्याच्या गळ्यात माळ घालणार होते. आपण बाकीच्या शिष्यांपेक्षा कांकणभर सरसच आहोत, याबद्दल त्याच्या मनात शंका नव्हती. आणि या कुत्रीपायी सगळं नासणार?

“म्या समदं सोडलंय, बुवा,” तो म्हणाला. “बायकू गेली, त्याच महिन्यात सगळी मेंढरं खाटकाला दिली. एक कोकरूसुदिक मागं ठेवलं न्हाय. ह्यो एवढाच पाश उरलाय.”

“मेंढरं टेम्पोत चढवताना तू कुठं हुतास?”

“बाभळीखाली. पाठ करून बसलो हुतो. वळून बघितलं न्हाय.”

हे सांगताना त्याची मान ताठ होती.

“आन् ही?”

“टेम्पोमागं पळाली. दुसऱ्या दिवशी आली. पंजे सोलून निघालं हुतं.”

बुवांनी तांदळातला एक खडा काढून बाजूला टाकला.

“सांजेला मेंढरं जाळीत कोंडली, की तू काय करायचास?”

“शेवटचं मेंढरू आत गेलं, की जाळीच्या तोंडाशी काठी आडवी टाकायची. काठी पडली, की कुत्र्याला कळतं, आपलं काम झालं. मग ते भाकरी खातं, झोपतं. काठी पडल्याबिगर ते बसत न्हाय.”

“तू शेवटची कवा टाकलीस?”

सिदाप्पाची नजर कोपऱ्यातल्या काठीकडे गेली.

“मग टाक की आज,” बुवा म्हणाले. “झोपू दे तिला. लांब सोडायला नको, काय नको.”

इतकं सोपं आपल्याला सुचलं कसं नाही, म्हणून सिदाप्पा स्वतःवरच चरफडला. कोपऱ्यातली काठी घेऊन तो अंगणाच्या तोंडाशी उभा राहिला. दिवस मावळत होता.

काठी दिसताच हरणी धावत आली. कान टवकारून समोर उभी राहिली.

त्याने काठी उचलली. हरणीने त्याच्या पाठीमागच्या रिकाम्या अंगणाकडे पाहिलं. या कडेपासून त्या कडेपर्यंत, नीट. मग त्याच्याकडे पाहिलं.

काठी हातातच राहिली.

“टाक.”

“टाकवत न्हाय.”

“का?”

“आत कोण न्हाय, बुवा... तिला खोटं कसं सांगू?”

आणि तो मटकन खाली बसला. बाभळीखाली त्याने पाठ केली होती, पण कान कुठे बंद करता आले होते? त्या दिवशी टेम्पोतलं एकेक मेंढरू त्याने आवाजावरून ओळखलं होतं. बायको गेली तेव्हाही न आलेलं रडू आता आलं, आणि ते आवरेना.

बुवांनी त्याची समजूत घातली नाही.

हरणी थोडा वेळ थांबली. मग नाक जमिनीला लावून माळाच्या वाटेला लागली.

“कुठं निघाली ही?”

“रोजच जाती. तू जपाला बसतोस तवा.”

सिदाप्पाने बाहीनं डोळे पुसले.

“मग म्या काय करू, बुवा? पुनवेची माळ...”

“माळ ऱ्हाऊ दे,” बुवा म्हणाले. “आज तरी तिला एकटीला धाडू नगंस.”